परकराची उंची चौतीस

६ जून २००३, लातूर

परत तीच खोली, परत तीच वरची कॉट. मेडिकलची सीईटी दुसऱ्यांदा गेली, थोडक्यात. अण्णाच निकाल बघून आले. आज सकाळच्या गाडीनं चाकूरहून मला ट्रंकेसकट आत्याकडं आणून सोडलं आणि शाळेच्या कामाला परत गेले. जाताना पायरीवर एवढंच, "एक वर्ष अजून, विजू. मन लावून."

आत्यानं वरच्या मजल्यावर क्लासच्या पोरींसाठी खोल्या काढल्यात. एका खोलीत चौघी, एकावर एक दोन-दोन कॉटा. वरची कायम मला, कारण बुटक्या माणसाचं डोकं छताला लागत नाही. छत हातभरावर. उताणं पडलं की नाकासमोर स्लॅब. मी कुशीवर झोपते. आत्याला हे सांगितलेलं नाही. अण्णांची पोर म्हणून ठेवून घेतलंय, वरून तक्रार कशी करायची.

९ जून

नवी मुलगी आली. जयश्री, देगलूरची. आईशी फोनवर अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. पहिल्यांदाच रिपीट करून राहिली, म्हणून अजून हसते. साडेपाच फुटांच्या वर उंची. दारातून येताना सवयीनं वाकते, दार तेवढं खाली नसलं तरी. खोलीतल्या दोघींनी तिला लगेच विचारलं, तू मॉडेल का होत नाहीस. मला पहिल्या दिवशी विचारतात, कितवीला.

तिनं पण विचारलं. म्हणलं एकोणीस पूर्ण. ओशाळली बिचारी. तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली आणि नेहमीचं सांगून मोकळी झाली, "भूकंपात दबली होती ना, तिथंच वाढ थांबली पोरीची." मग ज.नं माझ्याकडं तसं पाहिलं, जसं सगळे पाहतात. आत्या वाईट हेतूनं सांगत नाही. दहा वर्षांत इतक्यांदा सांगितलंय की आता ते माझ्या आडनावासारखं झालंय.

१२ जून

बंकटशेठ आले होते. चौकात त्यांचं कापडाचं दुकान, मोठं दुकान नांदेडला. आत्याच्या यजमानांच्या ओळखीचे. मुंबईहून येणारी छापील पोस्टरं लोकांना शिळी झाली, आता आपल्या भागातली एखादी उंचपुरी मुलगी घेऊन चौकात मोठा बोर्ड लावायचा, असं त्यांच्या मनात. ज.ला क्लासला जाताना पाहिलं होतं त्यांनी. आत्यानं विचार करून परवानगी दिली. सोबत विजू जाईल, म्हणजे घरची नजर राहील.

ज.नं देगलूरला कळवायचं नाही ठरवलं. मला कळवण्यासारखं काही नव्हतंच.

१४ जून

कादरचाचांचा स्टुडिओ. हॉल तिकिटाचे फोटो आम्ही सगळ्या इथंच काढतो, चाचा प्रत्येकीला म्हणतात, बेटा डॉक्टर जैसा मुँह करो.

ज. घरी किती छान दिसते. दिवे लागले आणि लाकूड झाली. खांदे कानाला, मान आत. कॅमेऱ्यासमोर पण वाकून उभी. शेठना वाटत होतं उंची असली की काम झालं. अर्धा तास गेला. मग चाचा मला म्हणाले, तू जरा बस, लाइट बघायची आहे. मी बसले. त्यांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तीन फोटो काढले.

शेठ म्हणाले, ही तर बुटकी आहे.

चाचा म्हणाले, "सेठ, फोटो में फुटपट्टी खड़ी करते क्या? गर्दन देखो इसकी."

माझी मान आजपर्यंत कुणी बघितली नव्हती. सगळ्यांची नजर डोक्यावरून जाते, नाहीतर डोक्यापासून जमिनीपर्यंत मोजत येते. लिहायला लाज वाटून राहिली. तरी लिहून ठेवते.

१७ जून

शेठचा निरोप आला, एकटी विजूच पाहिजे. ज.ला सुटल्यासारखं झालं. मी दोन दिवस मनात साडी ठरवून बसले होते. जांभळी, रुंद काठाची.

गेले तर युनिफॉर्म. निळा पिनाफोर, पांढरा शर्ट, दोन वेण्या, लाल रिबिनी. शेठनी समजावलं की ही बारकी चण, हिच्यावर शाळेचा माल मस्त बसेल. नाही बसला. लोकांना वाटतं कमी उंचीची बाई म्हणजे लहान पोरच, फक्त वय वाढलेली. शर्ट छातीवर ताणला, बटण लागेना. खांदे अरुंद. एक नंबर मोठा घातला तर बाह्या नखांपर्यंत. शेवटी मोठाच ठेवला आणि पाठीमागून टाचण्या मारल्या. हसताना सगळ्या टोचत होत्या.

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. ती मान बघितल्याची गोष्ट डोक्यात होती, ती जाईल असं वाटलं. चाचांचं आज नुसतं हनुवटी वर, हनुवटी खाली.

२३ जून

बोर्ड लागला. 'शाळा सुरू! सर्व गणवेश तयार.' पंधरा फुटांची मी. एवढी उंच आयुष्यात कधी नव्हते.

क्लासला जायचा रस्ता त्याच्याच खालून. मागच्या बाकावरची पोरं आज 'आठवी ब' म्हणून हाक मारून राहिली होती. मी वळून बघितलं, तीच चूक.

२ जुलै

शेठनी फोटो आमच्या क्लासच्या सरांना दिला. विचारायचं कुणाला सुचलं नाही. आता क्लासच्या बाहेरच्या भिंतीवर पण मीच. आठवी-नववीच्या नव्या बॅचची जाहिरात, खाली लिहिलंय, 'आत्ताच पाया पक्का करा, डॉक्टर व्हा!'

आणि भिंतीच्या आत, तिसऱ्या बाकावर, दोनदा नापास झालेली मी. केमि.चे सर माझ्यासमोरून रोज जातात. हॉलमध्ये एवढी डोकी की ओळखायचं कसं. त्यांच्यासाठी ती भिंतीवरची वेगळी आणि बाकावरची वेगळी.

ज. म्हणते जाऊन सांग, भिंतीवरून फोटो उतरवायला लाव. सांगितलं तर सर अण्णांना फोन करतील. नाही सांगितलं तर रोज तिच्याखालून आत जायचं. बेंझिनची रिंग काढता काढता तीनदा चुकले.

२० जुलै

अण्णा आले. बसस्टँडवरून चालत आले, म्हणजे चौकातून. मी उत्तरं तयार करून बसले होते. ते चिडले नाहीत. पाणी प्यायले, टोपी गुडघ्यावर ठेवली, बराच वेळ ती सरळ करत बसले.

"मला वाटलं तुझा जुना फोटो कुणाला तरी सापडला," म्हणाले. मग, "तेव्हा तू अशीच होतीस. तिथंच राहिलीस."

रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांची शाळा तेव्हाही चाकूरलाच होती. गावी फक्त रविवारी यायचे. चाकूरला खोली बघू, मग तुम्हा दोघींना नेतो, असं वर्षभर चाललं होतं. मग तो दिवस झाला आणि ते चाकूरला होते. लोकांनी मला दुपारी बाहेर काढलं तेव्हा ते नुकते पोचले होते. आई माझ्याशेजारीच होती. यापुढचं मला आठवत नाही, आणि जे आठवतं ते इथं लिहिणार नाही.

आई उंच होती, असं अण्णा सांगतात. मलाही तसंच आठवतं, मान वर करून बघायची मी तिच्याकडं. फोटो एकही राहिला नाही. आईच्या माहेरचंही कुणी राहिलं नाही, त्याच गावात होतं माहेर. अण्णा मध्यम उंचीचे. मग मी अशी का, तर अंगावर पडलेले दगड. दगड म्हणजे अण्णांना वेळेवर न मिळालेली खोली. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण व्हरांड्यात नळाचा पाइप ठोकला होता. पाचवीपासून बारावीपर्यंत रोज सकाळी मी लटकायची आणि ते खाली उभे राहून शंभरपर्यंत मोजायचे. कितीतरी बाटल्या टॉनिकच्या. डॉक्टर व्हायचं तेही त्यातलंच. टेबलामागं बसलं की उंची कोण बघतं, असं एकदा म्हणाले होते. दहा वर्षं ते माझ्यासाठी एक चांगलं टेबल शोधून राहिले.

१७ ऑगस्ट

टेस्ट लवकर सुटली. शेठना सांगायचंच असं ठरवून दुकानात गेले. बोर्ड काढा, शाळा सुरू होऊन दोन महिने झाले. गौरी-गणपतीची गर्दी, म्हणून कोपऱ्यात उभी राहिले.

एक शाळेच्या बाई होत्या, माझ्याच उंचीच्या. रुंद काठाची मोरपंखी साडी हातातून सोडेनात. विक्रीवाला माणूस सांगून राहिला की तुम्हाला हा काठ चालणार नाही, बुटक्या बाईवर निम्मी साडी काठातच जाते, तुम्ही बारीक काठ, बारीक बुट्टी, उभ्या रेघा घ्या. बाईंनी साडी खाली ठेवली, आणि तोंड असं केलं की ते मला ओळखीचं वाटलं. मी पुढं झाले. बाई, नेसून तर बघा.

मी स्वतः चार वर्षं स्वतःवर करून बघितलंय ते सगळं. साडीचा पन्हा उंचीला जास्त होतो म्हणून आपण वरचा भाग कमरेला कसाही कोंबतो, तिथं गोळा होतो आणि त्यानं बाई आखूड दिसते. काठानं नाही. तो भाग सपाट घडी घालून आत घ्यायचा. निऱ्या पाचच, पण खोल. काठ टाचेला टेकला पाहिजे, टाच दिसता कामा नये. पदर गुडघ्याच्या खालपर्यंत सोडायचा. उंच टाचांच्या चपलेची गरज नाही, तिनं उलट चाल बिघडते.

बाई आरशासमोर उभ्या राहिल्या. साडी तशीच अंगावर ठेवून घरची बॅगेत घालून घेऊन गेल्या.

शेठ गल्ल्यावरून बघून राहिले होते. बोर्डाचं बोलायचं राहिलं.

२४ ऑगस्ट

शेठनी बोलावलं, रविवारी दुपारी दोन तास ये. आत्याला म्हणाले मदतीला पाहिजे. आत्याला त्यांना नाही म्हणता येत नाही.

दुपारभर बघून राहिले. दुकानात येणाऱ्या बायका माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहतील अशाच. क्वचित एखादी ज.सारखी. आणि भिंतीवरच्या पोस्टरमधल्या सगळ्या बाया ज.पेक्षा उंच. आमच्या बायका पोस्टरकडं बघून साडी घेतात, घरी जाऊन नेसतात आणि समजतात की चूक आपल्या अंगात आहे. एक म्हणाली, मला मॅक्सीच बरी. तिशीतली होती.

१४ सप्टेंबर

आज विचारलं. दिवाळीच्या बोर्डावर साडीत माझा फोटो घ्या, आणि तो युनिफॉर्मचा उतरवा.

शेठ हसले नाहीत, हे खरं. पोरी, साडी दिसायला बाई लांब लागते, म्हणाले. मी विचारलं, "तुमच्या दुकानात लांब बाई येते का?" त्यांनी दुकानभर नजर फिरवली. तेव्हा आत अकरा बायका होत्या, मी मोजल्या होत्या.

बघू म्हणाले. मग म्हणाले की काढायचाच तर शेजारी खुर्ची, दार, माणूस काही नको. मागं नुसता पडदा. म्हणजे उंची कळणार नाही. मी म्हणलं, कळू द्या की.

२१ सप्टेंबर

बायोत बरे, फि. आणि केमि. दोन्ही खाली. क्लासकडून आत्याच्या पत्त्यावर कार्ड आलं. आत्या म्हणाली, दुकानात मिरवायला पाठवलं नाही तुला. तिचं बरोबर आहे. अण्णांना सांगते म्हणाली, सांगणारच. ज. रविवारी माझ्या नोट्स उतरवून देते, तिच्या स्वतःच्या मागं पडून राहिल्या.

पलंगावर पडून स्लॅबवरचे पोपडे बघत होते. आज उताणी पडले मुद्दाम. दहापर्यंत मोजून परत कुशीवर.

३० सप्टेंबर, गाव

दहा वर्षं झाली. अण्णा दरवर्षी आणतात. जुन्या जागी आता बाभळी, नव्या गावात सरळ रस्ते आणि नंबरची घरं. भाषणं झाली. अण्णा नावांच्या दगडासमोर उभे राहिले, मग ओळखीच्या मास्तरांकडं जाऊन बसले. कार्डाचं अजून त्यांना कळलेलं नाही बहुतेक.

मी दिवाळीच्या फोटोसाठीचं ब्लाऊज-परकराचं कापड पिशवीत आणलं होतं. शेठनी शेवटी हो म्हणलंय. लातूरचा टेलर पोरींचं माप धरतो आणि सगळं बिघडवतो. नव्या गावात गुंडप्पा शिंपी आहे, म्हातारा, जुन्या गावापासूनचा. त्याच्याकडं गेले. नाव सांगितलं नाही.

त्यानं कमरेपासून टेप सोडला, घोट्याशी वाकून बघितलं आणि म्हणाला, "चौतीस. तू मास्तरची पोरगी का गं? शेवंताची?"

मी हाव म्हणलं.

"तरीच. तिचाबी परकर चौतीसच. ह्या गावात चौतीस दोघीच हुत्या, एक तुजी माय आन एक माजी बायको."

मी म्हणलं, आई उंच होती. तो हसला. तू केवढी होतीस तवा, म्हणाला. मी परत विचारलं, तुम्हाला दुसरं कुणी आठवत असेल. त्यानं टेप गळ्यात टाकला आणि म्हणाला, "माणसाचं तोंड इसरतो मी बाई. माप न्हाई इसरत. माप घेताना तुज्या मायच्या खांद्यावर मी उभ्या उभ्या हात ठिवायचो, अन मी कुठं उंच हाय."

मग त्यानं ब्लाऊजचं माप घेतलं. मी हात वर केले, खाली केले. तो आकडे सांगत होता, मला ऐकू येत होते, एकही लक्षात राहिला नाही.

म्हणजे मी थांबलेली नाही. मी एवढीच होणार होते.

परतीच्या एसटीत अण्णा शेजारी होते. त्यांचा हात पुढच्या बाकाच्या दांडीवर. सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, भूक लागली का.

३ ऑक्टोबर, नांदेडहून परत

शेठच्या जीपमधून गेलो. आत्या, कादरचाचा, मी. आत्यानं एकच अट घातली, ही शेवटची वेळ. रस्ता चाकूरवरूनच. अण्णांची शाळा रस्त्याला लागून. मी सीटवरून खाली सरकले. अजिबात दिसले नसेन. बुटकं असण्याचा फायदा.

नांदेडच्या दुकानात वरच्या मजल्यावर फोटो. जांभळी नव्हती, कुंकवाच्या रंगाची होती, हिरवा काठ, वीतभर रुंद. मी स्वतः नेसले. गुंडप्पाचा परकर बरोबर घोट्याला. शेठनी पडदा लावून ठेवला होता. मी जरा बाजूला होऊन चौकटीत उभी राहिले, एक हात दाराला. चौकट डोक्याच्या वर बरीच उरली. शेठ म्हणाले अगं पडद्यासमोर. चाचांनी तोवर दोन फोटो काढले होते. मग पडद्यासमोरचेही काढले.

आत्या एका गठ्ठ्यावर बसून बघून राहिली होती. येताना अहमदपूर आलं. मग म्हणाली, काठ चांगला दिसला तुला. बस्स, एवढंच.

१० ऑक्टोबर

नमुना आला नांदेडच्या प्रेसमधून. शेठनी दुकानात बोलावून टेबलावर पसरला. बघितलं आणि ओळखलं नाही. पडद्यासमोरचा फोटो घेतला होता आणि कंप्युटरवर ओढला होता, वरखाली. रबर ओढतो तसा. चेहरा जरा लांबट, मान लांब, निऱ्या लांबच लांब. पाच फूट सहाची तरी बाई. सुंदर होती. खोटं कशाला लिहू.

शेठ खूश. प्रेसवाल्याची कमाल म्हणाले. चाचांनी त्यांच्या पिशवीतून दारातला फोटो काढून शेजारी ठेवला, हातभर आकाराचा. आणि गेले.

शेठना म्हणलं, हा लावा. म्हणाले, लोक साडी बघतात, तुला नाही. मी म्हणलं, मग ओढलं कशाला. दोन्ही घरी घेऊन जा, आत्याला विचार, मंगळवारपर्यंत सांग, म्हणाले.

१२ ऑक्टोबर

अण्णा आले. आत्यानं फोन करून मार्कांचं सांगितलं होतं. मी खाली आले तेव्हा ते टेबलाजवळ उभे होते, चष्मा लावून. ओढलेला नमुना समोर. दारातला फोटो त्याच्याखाली, अर्धा दिसत होता.

माझ्याकडं वळले. डोळे भरलेले.

"अगदी तुझी आई," म्हणाले.

मला वाटलं होतं की कधीतरी सांगायचं झालं तर बसवून, पाणी देऊन सांगेन. उभ्यानंच सांगितलं. हा फोटो ओढलेला आहे अण्णा. मी एवढी नाही. आणि आई पण एवढी नव्हती. गुंडप्पानं सांगितलं, चौतीसचा परकर होता तिचा. माझ्याएवढीच होती.

ते नाही म्हणाले. मग गुंडप्पा नक्की म्हणाला का, विचारलं. मी जे जसं झालं तसं सांगितलं. खांद्यावर हात ठेवायचं पण.

खुर्चीवर बसले. आत्या दारात आली होती, ती पण तशीच उभी.

"मी तिला कधी मोजलंच नव्हतं," अण्णा म्हणाले. मग, मला नाही, टेबलाला म्हणाल्यासारखं, "मग त्या दगडांचं काय?"

"दगडांचं काही नाही, अण्णा. मी अशीच होणार होते."

मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. ते तर जास्तच खाली बसले खुर्चीत. दहा वर्षं ज्याच्यावर उभे होते तेच काढून घेतल्यासारखे. आत्याला मी विचारलं, तुला पण नव्हतं का माहीत, तू तर लग्नात होतीस. आत्या म्हणाली, डोक्यावर पदर आणि खाली मान, नवरीची उंची कोण बघतं, पुढं भेट तरी कितीदा झाली. नंतर म्हणाली, मला पण अण्णा सांगतो तेच आठवत राहिलं.

अण्णांनी दारातला फोटो ओढून वर घेतला. बघत राहिले. मार्कांचं काही बोलले नाहीत. चारच्या गाडीनं गेले. फोटो दोन्ही टेबलावरच ठेवून गेले, कुठलाच घेतला नाही.

१४ ऑक्टोबर

शेठना सांगितलं, दारातला. दोन्ही परत दिले. ते म्हणाले बघू, प्रेसवाल्याशी बोलतो, दिवाळी तोंडावर आली. मी म्हणलं, ओढलेला लावला तर मी रविवारी येणार नाही. येऊ नको म्हणाले नाहीत, ये पण म्हणाले नाहीत.

चाकूरला दोनदा फोन लावला. शेजारच्या दुकानात लागतो, बोलावून आणायला पोर पाठवतात. मास्तर घरी नाहीत म्हणाले दोन्ही वेळेस. शाळेच्या वेळेबाहेर ते कुठं जातात मला माहीत नाही. एरवी कुठंच जात नाहीत.

१७ ऑक्टोबर

ज. आणि मी क्लासला निघालो तर चौकात शिडी. युनिफॉर्मचा बोर्ड खाली काढून रस्त्यावर पालथा टाकला होता, त्यावर एक माणूस चप्पल घालून उभा. नवं फ्लेक्स गुंडाळी करून आणलेलं. वरच्या दोन कडा बांधल्या आणि सोडलं. चेहरा आला, मान आली, खांद्यापर्यंत आलं आणि विजेच्या तारेला अडकलं. एक जण काठी आणायला गेला.

मी खाली उभी राहून बघत होते. कुठला आहे. चेहरा लांबट वाटत होता, पण खालून वर बघितलं की सगळेच लांबट दिसतात. मागं पडदा की दार, तो भाग गुंडाळीत. ज. म्हणाली हा खरा आहे. मग म्हणाली, नाही, थांब. मग तिलाही कळेना.

शेठ दुकानात नव्हते. नांदेडला गेलेत.

गेट साडेसातला बंद होतं. केमि.ची मोठी टेस्ट, हिचे मार्क घरी कळवणार. ज.नं हात धरून ओढलं. गेले.

आता टेस्टच्या कच्च्या कागदावर हे लिहून राहिले, रोजनिशीत नंतर चिकटवीन. पेपरात सहा प्रश्न, दोन येतात. शेजारची रांग खाली मान घालून लिहून राहिली. भिंतीच्या त्या बाजूला ती वेण्यांची मी अजून आहेच, ती काढायचं कुणी बोललेलं नाही. इथल्या खिडक्या वर, छताजवळ, उभं राहिलं तरी मला बाहेरचं दिसत नाही. ज.ला दिसेल कदाचित, पण ती पुढच्या बाकावर आहे.

सुटायला अजून दोन तास.